कौसामावशींची फळी

दोन्ही वायरी काळ्या होत्या.

"आप्पा, यातली एक लाल होती."

"व्हती की," रंगाआप्पा म्हणाले. "म्या डांबर लावलं."

"वायरीला?"

"पाण्यात जायाचं म्हंजे डांबर लावावं लागतं. होडीला लावलं, खुट्ट्यांना लावलं, बादलीला लावलं. तिलाच तेवढं कसं सोडायचं?"

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, अर्ध्या चिखलात ओढून ठेवलेल्या पत्र्याच्या होडीत मी उकिडवा बसलो होतो. हातात मोटरीची शेपटी. लाल कुठली आणि काळी कुठली हे आता एकट्या मोटरीला माहीत होतं, आणि ती बोलणाऱ्यांपैकी नव्हती. या गोष्टीला आठ वर्षं झाली. भिगवणच्या रस्त्याला एका बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानात मी तेव्हा कामाला होतो. वय तेवीस, गाव लांब औशाकडचं, नाव मन्मथ. नाव साक्षात मदनाचं आणि राहायला दुकानावरची पत्र्याची खोली. शेजारी पाण्याची टाकी. टाकी भरली की ओसंडायची, तेवढाच काय तो शेजार.

मोटर मूळची पुण्यातल्या एका हौशी माणसाची. तो सुट्टीला यायचा, रबरी होडीला ही विजेची मोटर लावायचा, दिवसभर गळ टाकून बसायचा आणि मासा लागला की त्याच्याबरोबर फोटो काढून त्याला परत पाण्यात सोडायचा. आप्पांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "मासाबी बुचकळ्यात पडायचा," ते म्हणाले. "सोडला तरी जागचा हलायचा न्हाई. आपलं काय चुकलं म्हून." पुढे त्या माणसाचा छंद बायकोनं की डॉक्टरनं बंद केला आणि मोटर आप्पांकडे आली. चोवीस व्होल्टची होती, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या हव्यात. त्या ट्रॅक्टरच्या, आमच्या दुकानातून घेतलेल्या. जोडून द्यायला शेठनं मला पाठवलं होतं.

"आज चालू झाली पायजे," आप्पा म्हणाले. "न्हायतर होडी गेली म्हून समज."

"कुठे गेली?"

"पक्षीवाल्यांनी मागितलीय. पाव्हणे बसवून फ्लेमिंगो दाखवायला. नुसती चिखलात पडून ऱ्हायली तर काय करायची? पोरगा म्हंतोय, इकून टाका आन् चाकणला या. त्याच्या सोसायटीत वॉचमनची जागा हाय." त्यांनी एकदा सगळ्या पाण्यावरून नजर फिरवली. "दोन लिफ्टी हायेत म्हनं तिथं."

"म्हणजे तुम्हाला एकट्यानं जाळं टाकता आलं पाहिजे. एवढंच ना?"

"एवढंच," आप्पा म्हणाले.

मी बॅटऱ्या मागच्या टोकाला, मोटरीच्या जवळ ठेवायला घेतल्या. वायर जितकी आखूड तितकी चांगली, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. दुसरं अजून मला कुणी दिलं नव्हतं.

"तितं न्हाई. मधल्या फळीवर."

"मधे ठेवल्या तर वायर लांब न्यावी लागेल. लांब नेली की जाड लागते."

"जाड लाव."

"पण मधेच का?"

"तितं वजन लागतं. न्हायतर होडी चालत न्हाई, नाचती."

"आधी कशाचं वजन असायचं तिथे?"

आप्पांनी एक खुट्टी उगाच हलवून पाहिली. "कौसीचं," ते म्हणाले. "बायकूचं."

मग मला दुकानातली गंमत कळली. सकाळी आप्पांनी बॅटऱ्यांच्या जोड्यांमागून जोड्या उचलून पाहिल्या होत्या. एक या हातात, एक त्या हातात, डोळे मिटून. पहिली जोडी हलकी, दुसरी जड, अशा करत करत एका जोडीला ते "हां" म्हणाले. शेठ माझ्या कानात म्हणाले होते, "बघ, याला म्हणतात गिऱ्हाईक. बॅटरीतलं कळतं त्याला."

मी बॅटऱ्या मधल्या फळीवर ठेवल्या. आप्पांनी पिशवीतून एक हिरवं लुगडं काढलं, त्यांच्यावर पांघरलं आणि पदराकडची बाजू नीट खोचली.

"पाणी उडतं," ते म्हणाले.

गिऱ्हाइकाच्या बॅटरीनं काय नेसावं हे दुकानदारानं सांगू नये.

लुगडं जरा वर सारून मी जोडणी केली. आप्पा शेजारी वाकून बघत होते आणि त्यांचे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबत होते.

"ही मधली बारकी वायर कशाला?"

"ही या बॅटरीच्या प्लसपासून त्या बॅटरीच्या मायनसला जाते. हिच्यामुळे दोघींची ताकद एक होते. बारा आणि बारा, चोवीस."

"आन् ही काढली तर?"

"मग काही नाही. मोटर बंद."

"बॅटऱ्या बाद व्हत्यात?"

"नाही हो. दोन्ही भरलेल्याच राहतात. फक्त उपयोग शून्य."

"एकीचाबी न्हाई?"

"एकीचाही नाही."

आप्पांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "कुठल्या पान्यानं निघती?"

मी पाना दाखवला. मला वाटलं, माणूस शिकतोय, चांगलं आहे.

आता लाल कुठली हा प्रश्न उरला. डांबर खरवडायला लागलो तर वायरीचं कातडंच निघायला लागलं. मी एक वायर लाल धरून चाललो. होडी पाण्यात ढकलली, तोंड फुगवट्याकडे केलं, आप्पांनी मागे बसून मोटरीची मूठ पिरगाळली आणि होडी अत्यंत डौलात उलटी निघाली. काठाला एक म्हैस पाण्यात बसली होती. होडीचा मागचा भाग तिच्या कुशीला जाऊन टेकला आणि मोटर चालूच राहिली. म्हशीनं मागे वळून आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी म्हशीकडे पाहिलं. दोघांची जुनी ओळख असावी.

"दुसरी लाल असणार," मी म्हणालो.

वायरींची अदलाबदल केली. होडी सरळ निघाली. आप्पा खूश होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तू पुढं टोकाला बस. खाली जुनं गाव हाय, बाभळीची खोडं हायेत. दिसली की सांग."

"आणि वल्ही? अडचण आली तर?"

"वल्ही न्हाईत."

"कुठे गेली?"

"म्हायेरी."

बॅटरीवाल्यानं घरगुती चौकशी करू नये, म्हणून मी पुढे जाऊन बसलो. पण पाठ करून बसलेल्या माणसाला लोक सगळं सांगतात. आप्पांनी सांगितलं.

लग्न झाल्यापासून दोघं या होडीत. कौसामावशी मधल्या फळीवर बसून वल्हवायच्या, आप्पा मागे बसून जाळं सोडायचे. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, म्हणजे मावशींचं तोंड कायम आप्पांकडे. पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत समोरासमोर. त्या वेळात मावशी बोलायच्या. सुनेचं, भावाचं, चिलापी मासळीच्या भावाचं, आप्पांच्या दाढीचं. मग त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, वल्हं बंद. आप्पांनी त्यांना न सांगता ही मोटर आणली, घरात मधोमध ठेवली आणि म्हणाले, "आता तू घरी बस."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. मोटरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हनली, 'मोटर भाकरीबी करती का?' म्या म्हनलं, 'न्हाई.' म्हनली, 'मंग शिकवा तिला.' दोन्ही वल्ही घेतली आन् एसटीत बसली. दुसरं कायबी न्हेलं न्हाई. वल्ही खिडकीतनं भायेर आलेली. कंडक्टरनं लगेज फाडलं."

"तुम्ही आणायला नाही गेलात?"

"गेल्तो की पल्याड. पुलावरनं, एसटीनंच. मेव्हण्यानं च्या पाजला. ती मागल्या दारी जाळं शिवत बसली व्हती. भायेर आली न्हाई. म्या च्या पिऊन आलो."

"तुम्ही काही बोलला नाहीत त्यांच्याशी?"

"काय बोलणार? बोलायचं काम तिच्याकडं व्हतं."

पाणी सपाट होतं. पाणकावळे वाळलेल्या फांद्यांवर पंख पसरून बसले होते. मोटरीचा काहीच आवाज नव्हता. ती चालू आहे हे फक्त काठ मागे सरकत होता त्यावरून कळायचं.

"हिला आवाज न्हाई का रं?" आप्पांनी विचारलं.

"हीच तर हिची खासियत आहे. मासे बुजत नाहीत."

"मासं न्हाई बुजत," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "एखादा खडा आत टाकला तर वाजंल का?"

"वाजेल. मग बंद पडेल."

"तुझं कोण हाय रं भिगवणात?"

"टाकी आहे," मी म्हणालो. "पाण्याची."

आप्पा हसले नाहीत. मला सवय होती. त्या दिवसांत माझे बरेच विनोद असे हवेतच राहायचे. संध्याकाळी खोलीवर गेलो की मी बॅटरी कंपनीच्या टोल-फ्री नंबरावर फोन करायचो. आधी एक बाई सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ती रेकॉर्ड केलेली असायची, पण म्हणायची मात्र मनापासून. मग खरी मुलगी यायची आणि मी एखाद्या बॅटरीची तक्रार सांगायचो. फोन ठेवायची परवानगी त्या मुलींना नसते. गिऱ्हाइकानंच आधी ठेवायचा असतो. हे मला कळल्यापासून मी जरा सावकाश बोलायला लागलो होतो.

"आमची वरात पाण्यातनं आली," मागून आप्पांचा आवाज आला. "पल्याडनं. निम्म्यात वारं सुटलं. वल्हवणारा माझा चुलता, त्यो दमला. होडी गिरक्या घ्यायला लागली. करवली रडायला लागली. तर ही उठली. बाशिंग बांधलेली. चुलत्याच्या हातातलं वल्हं घेतलं आन् तितंच, मधल्या फळीवर बसली. तवापास्नं ती फळी तिची."

मी समोरच्या पाण्यात बाभळीची खोडं शोधत होतो. एका खोडाच्या टोकावर खंड्या बसला होता. तो उडेना. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता. असं बराच वेळ चाललं. मग लक्षात आलं की खंड्या जवळ येत नाहीये. म्हणजे आपण जात नाही आहोत.

मी वळलो. आप्पा मागे बसले होते, मोटरीच्या मुठीवर हात ठेवून, अगदी निर्विकार.

"बंद पडली," ते म्हणाले.

"कधी?"

"मगाच."

वारं सुटलं होतं. होडी हळूहळू आडवी होत होती. आमचा काठ मागे लांब राहिला होता. पलीकडचा जवळ होता, पण पोहून जाण्याइतका नाही आणि मला तर पोहताच येत नव्हतं. मी सरकत सरकत फळीपाशी आलो. लुगड्याची खोचलेली बाजू सुटलेली होती. वर केलं. दोन्ही बॅटऱ्या जागेवर. मोटरीच्या वायरी जागेवर. मधली बारकी वायर नव्हती.

पडली असेल म्हणून मी तळात हात फिरवला. हत्यारांची पिशवी बघितली. पानाही नव्हता.

मी खिशातून फोन काढला. रेंजची एक काडी होती. शेठना लावला तर ते कुणालातरी होडी घेऊन पाठवतील. बोट नंबरावर ठेवलं आणि वर पाहिलं. आप्पांच्या बंडीचा खिसा एका बाजूला खाली ओढला गेला होता. त्यातून वायरीचं टोक वर आलं होतं.

आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. ते पलीकडच्या काठाकडे बघत होते. तिथं उन्हात एक बाई पसरलेल्या जाळ्यात बसली होती. तिचं तोंड आमच्याकडे होतं आणि हात चालत नव्हते.

"कौसेऽऽ!" आप्पा ओरडले.

बाईनं मान खाली घातली आणि जाळं शिवायला घेतलं.

"कौसेऽऽ! वारं सुटलंया!"

काही नाही.

"पोरगं हाय बरुबर! परक्याचं! त्याला पव्हता येत न्हाई!"

मला पोहता येत नाही असं मी त्यांना सांगितलं नव्हतं. तोंडावर दिसत असावं.

बाई उठली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग मागे वळून चालायला लागली. आप्पांचा हात मोटरीच्या मुठीवरून सुटला. मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट पाहिला. पोराच्या सोसायटीतल्या दोन्ही लिफ्टी त्याच्यावर आल्या होत्या.

मी फोन खिशात ठेवला. का ठेवला हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

मग बाई परत आली. तिच्या खांद्यावर दोन वल्ही होती. डाव्या खांद्यावर.

भावाची होडी ढकलून ती निघाली. वल्हवणारा पाठमोरा येतो, त्यामुळे तिला आम्ही दिसत नव्हतो आणि आम्हाला तिचा आंबाडा तेवढा दिसत होता. पण ऐकू येत होतं. ती निम्म्या वाटेपासूनच बोलायला लागली होती. पाण्यावर आवाज लांबपर्यंत स्वच्छ येतो.

"...अक्कल गहाण टाकली का काय, म्हनं मोटर! बापजन्मी पंखा न्हाई दुरुस्त केला आन् मोटर! बरं, मरायचं तर एकट्यानं मरावं, लोकाचं लेकरू घिऊन कशाला..."

आप्पा ऐकत होते. मी इतक्या लक्षपूर्वक कुणाला शिव्या खाताना पाहिलेलं नाही.

होडी येऊन आमच्या होडीला ठोकली. मावशी वळल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळावर आठ्यांचं जाळं. त्यांची पहिली नजर नवऱ्यावर गेली नाही. फळीवर गेली.

"माझं लुगडं."

"पाणी उडतं," आप्पा म्हणाले.

"बॅटरीला नेसवलंय?"

"पांघरलंय."

मावशींनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "काय झालं रं मोटरीला?"

आप्पा पाण्याकडे बघायला लागले. वायरीचं टोक खिशातून अजून डोकावत होतं.

पान्याचे चार फेरे मारले असते तर मोटर चालू झाली असती. आप्पांनी आधी सांगितलेलं सगळं खरं ठरलं असतं: एकट्यानं जाळं, एकट्यानं होडी. दुकानाचं नाव राहिलं असतं आणि माझंही.

"जळाली, मावशी," मी म्हणालो.

"जळाली?"

"पार गेली. माझ्याच जोडणीत घोळ होता."

मावशींनी नाक पुढे करून वास घेतला. "वास न्हाई आला जळल्याचा."

"बिनवासाची जळते. विजेची आहे ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांच्या खिशाकडे पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ती दोन धोंडं उचला माझ्या फळीवरनं."

आम्ही बॅटऱ्या उचलून दुसऱ्या होडीत ठेवल्या. वजन बघून मीही त्याच होडीत जावं असं ठरलं. कुणी ठरवलं ते कळलं नाही, पण मी गेलो. "तुझा पाना," आप्पा म्हणाले आणि माझ्या हातात पाना दिला. पान्याखाली वायर होती. माझ्या मुठीवर त्यांनी आपला हात जरासा दाबला, बस्स.

मावशी आपल्या होडीत चढल्या, आपल्या फळीवर बसल्या आणि दोन्ही वल्ही खुट्ट्यांना लावली. एकदा ओढलं आणि थांबल्या. उजवा हात खाली आला. आप्पा मागून उठले, येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि उजवीकडचं वल्हं घेतलं.

"मागं कोण बसणार?" मावशी म्हणाल्या.

"मागं कायबी न्हाई. सरक जरा."

त्यांची होडी पुढे, माझी दोरीनं मागे. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात हे सांगितलंच आहे, म्हणजे दोघांची तोंडं माझ्याकडे. मी नजर कुठे ठेवावी हा प्रश्न होता. मी बॅटऱ्यांकडे ठेवली.

निघालो आणि होडी गिरकी घ्यायला लागली. आप्पा जोरात मारत होते, मावशींचा डावा हात तेवढा जोर काढत नव्हता. आम्ही वळून वळून त्याच खोडापाशी आलो. खंड्या अजून तिथेच होता.

"हळू मारा की जरा!"

"तू जोरात मार."

"आता जोर हाय का माझ्यात? खांद्याला वारं लागलं तरी ठणका लागतो."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर अजून एक मोटर आणली असती!"

अजून एक गिरकी झाली. मग आप्पांनी वल्हं वर धरलं आणि थांबले. मावशींनी त्यांचं वल्हं पाण्यात घातलं तेव्हा त्यांनीही घातलं. त्यांनी काढलं तेव्हा काढलं. त्यांच्याएवढंच, त्याहून अजिबात जास्त नाही. होडी सरळ झाली. अतिशय हळू, पण सरळ. मावशी बोलत होत्या. भावाचं, भावजयीचं, चिलापीचं, दाढीचं. आप्पा मधे मधे "व्हय" म्हणत होते.

"ये बॅटरीवाल्या," मावशी मधेच ओरडल्या, "झोपू नगं, दोरी बघ!"

मी दोरी बघितली. पुढे दोघं एका फळीवर, मागे आम्ही तिघं: मी आणि दोन भरलेल्या बॅटऱ्या. वारं गार होतं. लुगडं त्यांनी परत नेलं होतं.

काठाला लागेपर्यंत दिवस मावळला. मावशींनी दोरी सोडली, आप्पांनी जाळ्याची पाटी काढली, आणि दोघं सकाळी जाळं कुठे टाकायचं यावर भांडत वस्तीकडे गेले. निम्म्या वाटेत आप्पा एकदा वळले, हात वर केला. मावशींनी त्यांना काहीतरी सांगितलं, मग ते पुन्हा वळले नाहीत.

फुगवट्यावरच्या लोकांनी पुढे माझ्या हातची एकही बॅटरी घेतली नाही. भर पाण्यात मोटर जाळणारा म्हणून मी तिकडच्या सगळ्या वस्त्यांवर माहीत झालो. माहीत झालो हे काही कमी नव्हतं. शेठनं थोडे दिवस वाट पाहिली आणि मग सांगितलं की औशालाही बॅटऱ्या लागत असतील. लागतात. माझं आता तिथं दुकान आहे. आप्पांची मोटर घराच्या कुडाला टांगलेली आहे आणि तिच्यावर कोंबडी बसते, असं कुणीतरी सांगितलं.

त्या संध्याकाळी आप्पांनी मागेच सोडलेल्या बॅटऱ्या दुकानात परत टाकून मी खोलीवर गेलो. टाकी भरून ओसंडत होती. मी फोन लावला. माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता. मग मुलगी आली.

"नमस्कार सर, काय तक्रार आहे?"

"मोटर चालत नाही."

"बॅटरी चार्ज आहे का, सर?"

"दोन आहेत. दोन्ही फुल."

"मोटरमध्ये बिघाड आहे का?"

"नाही. मधली जोडवायर नाहीये."

"कुठे गेली, सर?"

मी हातातल्या वायरीकडे पाहिलं. दोन्ही टोकांना थोडं थोडं डांबर लागलेलं होतं.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"मग ती लावून घ्या, सर. मोटर चालू होईल."

"हो."

"आणखी काही मदत करू शकते का?"

मी "नाही" म्हणालो. ती थांबली. तिच्या मागे इतर मुलींचे आवाज येत होते, सगळ्या कुणाकुणाला सर म्हणत होत्या. टाकीचं पाणी पत्र्यावर पडत होतं. ती ठेवणार नव्हती, मला माहीत होतं. थोड्या वेळानं मीच ठेवला.